हातात मावणारा फोन: हलका की दमाचा?

ऑक्टोबर छाटणी झाली की माझा एक हात कायम द्राक्षाच्या पानाखाली असतो. डाऊनी हा बुरशीचा रोग पानाच्या वरून पिवळसर डाग दाखवतो, पण खरी पांढरी बुरशी मागच्या बाजूला. त्यामुळे डाव्या हाताने पान उलटं धरायचं आणि उजव्या हातातल्या फोनने फोटो काढायचा. नाशिकजवळच्या दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात बागा बघत, सल्ला देत फिरणं हा माझा धंदा. मोठा फोन असताना तिसरा हात कुठून आणायचा हा प्रश्न रोज पडायचा. अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला फोन हातात सरकवायचा, आणि असाच एकदा तो ठिबकच्या नळीशेजारच्या चिखलात पालथा पडला. त्या दिवशी ठरवलं, पुढचा फोन लहान.

हे लिहितोय कारण गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणांनी एकच विचारलं: लहान, पण वरच्या दर्जाचा, एआय-बिआय असलेला फोन घ्यायचाय, कोणता घेऊ? मी दोन्ही प्रकारचे वापरलेत. एक स्वतः विकत घेऊन, दुसरा आधी साडूंशी पंधरा दिवस अदलाबदल करून आणि मग स्वतःचा. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. माझ्या हातातल्या एकेका नगावरून कंपनीला बोल लावणं बरोबर नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. खरा लहान फोन आता राहिलेला नाही. ॲपलने 2020 आणि 2021 मध्ये 5.4 इंचाचे ‘मिनी’ काढले आणि तिथेच थांबवले. आज लहान म्हणजे 6.1 ते 6.3 इंच. या मापात सध्या बाजारात सरळ दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं हलक्यांचं. सॅमसंगचा गॅलेक्सी एस 25 हा 162 ग्रॅमचा, आयफोन 16 हा 170 ग्रॅमचा. एस 25 ची बॅटरी 4000 एमएएच. दुसरं घराणं दमाचं: 2025 च्या जून-जुलैत भारतात आलेले वनप्लस 13 एस आणि विवो एक्स 200 एफई. स्क्रीन 6.3 इंचाच्या आसपास, वजन 185-186 ग्रॅम, पण बॅटरी अनुक्रमे 5850 आणि 6500. पिक्सेल 9 कुठेतरी मध्ये बसतो, 4700 ची बॅटरी, पण वजन 198 ग्रॅम. म्हणजे वजनही घेतलं आणि दमही पुरता मिळाला नाही, असं मला कागदावर तरी वाटतं. वापरलेला नाही, म्हणून त्याला इथेच सोडतो.

हा फरक कुठून आला ते दोन वाक्यांत. नेहमीच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं, त्याचा एक ग्रॅम साधारण 372 एमएएच धरतो. सिलिकॉन तत्त्वतः त्याच्या जवळपास दहापट धरू शकतं, पण चार्ज होताना तिप्पट फुगतं, म्हणून ते कार्बनमध्ये मिसळून थोड्या प्रमाणात वापरतात. दमाच्या घराण्याची सगळी करामत ती आहे. हलक्या घराण्यातले वर सांगितलेले दोघे अजून जुन्याच ग्रॅफाइटवर आहेत.

आता एआयचं बघू, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्याच्याच नावाने जास्त पैसे मोजायला तयार असतात. मीही होतो. माझा हिशेब असा होता की शेतकऱ्याचा फोन आला, हात औषधाने भरलेले, लिहून घेता येत नाही, तर फोनच बोलणं ऐकून त्याचा सारांश काढून ठेवेल. दुकानात दाखवलं तेव्हा इंग्रजीत छान चाललं. घेतल्यावर पहिला फोन पालखेडकडच्या एका काकांचा. काका म्हणाले, “भाऊ, डाऊनी दिसतीय, उद्या सकाळीच मारू का, का पावसाची वाट बघू?” समोरच्याला आधी सांगून रेकॉर्ड केलं होतं. फोनने ते हिंदी समजून सारांश काढला. त्यात डाऊनी नावाचा कुणी माणूस होता, आणि त्याला उद्या सकाळी मारायचं की पाऊस झाल्यावर, यावर दोघांची चर्चा झाली होती. मी तो सारांश बायकोला वाचून दाखवला. तिने फक्त विचारलं, “किती पैसे गेले?”

सांगायचा मुद्दा चेष्टेचा नाही. गॅलेक्सीवर कॉल भाषांतर 2024 च्या सुरुवातीला आलं तेव्हा 13 भाषा होत्या, त्यात हिंदी होती, मराठी नव्हती. उलट गुगलचं जेमिनी जून 2024 मध्ये भारतात ॲप म्हणून आलं तेव्हाच मराठी घेऊन आलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्याच्याशी तोंडी मराठी बोलण्याचीही सोय जाहीर झाली. हे जेमिनी गुगलच्या सर्व्हरवर चालतं. ते हलक्या फोनवर जसं चालतं तसंच दमाच्यावर, आणि साडूंच्या मुलाच्या पंधरा हजारांच्या फोनवरही. म्हणजे जे एआय आपली भाषा समजतं ते जवळपास सगळीकडे मिळतं, आणि ज्याच्यासाठी जादा पैसे द्यायचे त्याला काकांची मराठी कळत नाही. निदान मी वापरलेल्या दोन्ही फोनांत तरी हेच. फोटोतला नको तो माणूस पुसणं, स्क्रीनवर गोल करून शोधणं, ही कामं दोघेही करतात. मला रोज उपयोगी पडतो तो कीबोर्डवरचा माइक. मराठीत बोललं की मराठीत टाइप होतं, औषधांची नावं हाताने दुरुस्त करावी लागतात, इतकंच. मी तरी एआयला तराजूतून उतरवून ठेवलं. तुमचं काम इंग्रजीत चालत असेल, मीटिंगा, ईमेल वगैरे, तर हा परिच्छेद विसरा, हलक्यांच्या बाजूने चार गुण वाढवा.

हलक्याचं कौतुक मनापासून करायचंय. शर्टाच्या खिशात तो असल्याचं कळत नाही. द्राक्षवेलींच्या मांडवाखाली दिवसभर वाकून चालावं लागतं, आणि जड फोन वाकलं की खिसा ओढत पुढे येतो, एक हात आपोआप छातीवर जातो. हलक्याने तो हात मोकळा केला. वीस-पंचवीस ग्रॅमने काय होतं असं म्हणणाऱ्याने तेवढे ग्रॅम दिवसभर खिशात ठेवून बघावेत. शिवाय हलक्या घराण्यात अपडेटचं आश्वासन मोठं. सॅमसंगने एस 24 पासून सात वर्षांचं दिलंय. दमाच्या घराण्यात त्याहून कमी. फोन पाच-सहा वर्षं ओढणाऱ्याने हे मनावर घ्यावं.

कॅमेऱ्यात माझा कौल वेगळ्याच कारणाने पडला. वनप्लस 13 एसला अल्ट्रावाइड कॅमेरा नाही, दुसरा कॅमेरा दुपटीने जवळ आणणारा आहे. लग्नात घरच्यांना एका फ्रेममध्ये कोंबायचं असेल तर ही उणीव आहे. मला मात्र घडातला मणी टिपायचा असतो. जवळ गेलं की फोनचीच सावली घडावर पडते, आणि जवळ आणणारा कॅमेरा असला की हातभर लांबून काम होतं. तेवढ्यापुरतं दमाच्या घराण्याने मला जिंकलं, तुम्हाला जिंकेलच असं नाही.

पण निकाल कॅमेऱ्याने लागला नाही. निकाल लागला तो एका वायरीने.

हलका फोन घेऊन पहिले दोन आठवडे मी खूश होतो. मग गोडी छाटणीनंतरची, म्हणजे त्याच ऑक्टोबर छाटणीनंतरची, गर्दी सुरू झाली. सकाळी सातला कॉलेज रोडवरून निघायचं, दुपारपर्यंत पाच-सहा बागा. आमच्या मार्गावर नेटवर्कची एक-दोन दांडकी, तीही येऊन-जाऊन. टॉवर लांब असला की फोनला जोर लावून बोलावं लागतं, बॅटरी तिथे जाते. उन्हात स्क्रीन दिसायला उजेड पूर्ण वाढवलेला, दिवसाला शंभरेक फोटो, मधूनमधून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ. दीडच्या सुमाराला फोन वीस टक्क्यांवर यायचा आणि बॅटरी वाचवण्याचा मोड लावला की स्क्रीन मंद. म्हणजे नेमक्या भर उन्हात स्क्रीन दिसेनाशी. डोक्यावर उपरणं ओढून त्याच्या सावलीत पानाचा फोटो नीट आलाय का हे बघायचं. बागायतदार शेजारी उभा, “साहेब, काय दिसतंय?” साहेबांना काहीच दिसत नाहीये.

उपाय म्हणून पॉवरबँक. दहा हजार एमएएचची, पँटच्या खिशात, वायर वर फोनपर्यंत. इथे सुरू झाला तो वैताग. मांडवाखाली तारा असतात, वेली असतात, सुतळीने बांधलेल्या काड्या असतात. हात वर केला की वायर कशाला तरी अडकणार. दिवसातून चार-पाच वेळा फोन हातातून उपटला जायचा. एकदा वायर काडीत अडकली ती ओढताना घडच तुटून हातात आला, मालकासमोर. त्याने काही म्हटलं नाही, पण मी जी कमाई सल्ल्याची घेतो त्यातला तो घड मला अजून दिसतो. आणि चार्जिंगही धड नाही, कारण फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. बॅटरीच्या भल्यासाठीच करतो, तक्रार नाही. ॲपल तर आयफोन वापरायला हवेचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं असं सांगतं, आणि खरड छाटणीच्या दिवसांत, एप्रिलमध्ये, आमच्याकडे पारा त्याच्या वर सहज जातो. घरी येऊन मी कव्हरसकट फोन आणि पॉवरबँक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. चारशे ग्रॅमला थोडे कमी. ज्या मोठ्या फोनला कंटाळून हा घेतला, तो सव्वादोनशेचा होता.

त्याच आठवड्यात साडूंशी अदलाबदल केली. त्यांच्याकडे दमाचा होता, ते सातपूरला कंपनीत बसून काम करतात, टेबलावर चार्जर कायम. पंधरा दिवस मी त्यांचा फोन घेऊन फिरलो. खिसा जरा ओढला जायचा, हे खरं. कव्हर काढून टाकलं तेव्हा बरं वाटलं. संध्याकाळी म्हसरूळच्या अलीकडे चहाला थांबलो की सवयीने टक्के बघायचो, चाळीसच्या खाली क्वचित. मग एक दिवस टक्के बघायचेच विसरलो. पॉवरबँक गाडीच्या डिकीत पडून राहिली आणि तिच्यावर माझ्या पावत्या, स्टेपलर, रेनकोट साचत गेले.

हा नवीन सिलिकॉनवाला माल चार-पाच वर्षांनी कसा वागतो यावर मी बोलणार नाही, माझा स्वतःचा फोन जेमतेम आठ महिन्यांचा आहे. ऑफिसात, घरात, गाडीत चार्जर हाताशी असणाऱ्याला हलका फोन जास्त सुख देईल, यात मला शंका नाही. साडूंचंच बघा ना, त्या पंधरा दिवसांत त्यांना माझा हलका इतका आवडला की तो त्यांनी ठेवूनच घेतला, वरचे पैसे देऊन, आणि मी दमाचा नवा घेतला. तुमचं काम फिरतीचं असेल, सूर्य डोक्यावर आणि टॉवर लांब असेल, तर मात्र दुकानात फोन हातात तोलून खूश होण्याआधी दुपारी दीड वाजता आपण कुठे असतो ते आठवा.

परवा साडूंनी विचारलं, फोन पुन्हा आठवडाभर बदलायचे का, त्यांना सप्तशृंगी गडावर जायचंय, दिवसभर चार्जर मिळणार नाही. मी म्हटलं, द्राक्षाचा माल निघाल्यावर बघू.