ओईटीचा क्लास लावावा की आयईएलटीएसचा? ब्रिटनला निघालेल्या नर्सेससाठी

ब्रिटनमध्ये नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीच्या या दोन्ही परीक्षा चालतात: आयईएलटीएस सर्वसाधारण इंग्रजीची, ओईटी आरोग्यक्षेत्रातल्या इंग्रजीची. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये एकूण ७ बँड (म्हणजे गुणश्रेणी) लागतात. ऐकणं, वाचन आणि बोलणं यांत प्रत्येकी ७, लेखनात ६.५. ओईटीत ऐकणं, वाचन, बोलणं या तिन्हींत बी ग्रेड, म्हणजे किमान ३५०, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे ३००. तयारी मात्र पार वेगळी.

खरा फरक लेखनात. आयईएलटीएसला ६० मिनिटांत आलेखाचं वर्णन (किमान १५० शब्द) आणि निबंध (किमान २५०). विषय वाहतुकीपासून शिक्षणापर्यंत काहीही. बारा तासांची ड्यूटी उरकून बसलेल्या सिस्टरला आधी मतच सुचत नाही, शब्द तर पुढची गोष्ट. ओईटीला ५ मिनिटं केस नोट्स वाचायच्या आणि ४० मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, बहुधा डिस्चार्जचं किंवा रेफरलचं. विषय ओळखीचा, म्हणून गाफील राहू नका. गुण जातात ते निवडीत. पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी कम्युनिटी नर्सला, म्हणजे घरी येऊन सेवा देणाऱ्या नर्सला, पत्र आहे. त्यात वीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कशाला? मधुमेह मात्र हवाच, कारण जखम त्यानेच रेंगाळते. आणि पत्राचं कारण पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

‘शी इज हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज’ हे मराठीतून आलेलं वाक्य दोन्हीकडे नडतं. ‘शी हॅज हॅड अ फीव्हर फॉर थ्री डेज’ असं हवं.

बोलण्यात ओईटीचे दोन रोल प्ले असतात: तुम्ही नर्स, समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक. प्रत्येकाला ३ मिनिटं तयारी, साधारण ५ मिनिटं संवाद. घाबरलेल्या पेशंटला ‘डोन्ट वरी’ म्हणून पुढे जाणं महागात पडतं. नेमकी काळजी कशाची, हे विचारण्याला गुण आहेत. ओईटीच्या वाचनात १५ मिनिटांचा पहिला भाग अनेकांना अडवतो: चार छोटे मजकूर, २० प्रश्न. मजकूर सुरुवातीपासून वाचत बसलात तर वेळ संपला. आधी शीर्षकं बघा, कुठली माहिती कुठे आहे ते हेरा, मग प्रश्नांकडे वळा.

ओईटीची फी सहसा आयईएलटीएसपेक्षा जास्त. त्यामुळे इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या, निबंधाचा हात असलेल्यांनी आयईएलटीएस द्यावी. पुढे परदेशी विद्यापीठात शिकायचं असेल तर तीच जास्त ठिकाणी चालते. मराठी माध्यमातून येऊन वॉर्डात चार-पाच वर्षं काढलेल्यांनी जादा पैसे मोजून ओईटी द्यावी, असं आमचं मत. (जर्मनीचा विचार असेल तर दोन्ही सोडा, तिथे जर्मनच लागते.)

क्लास कुठलाही असो, फी भरण्याआधी तपासलेलं एखादं पत्र किंवा निबंध मागून बघा. नुसता आकडा आणि ‘गुड’ असेल तर परत फिरा. वाक्यागणिक खुणा हव्यात, आणि तोच मजकूर दुरुस्त करून पुन्हा लिहून घेतात का, हेही विचारा.