रायपनिंग चेंबरचा वायफाय टच पॅनल : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सावद्याजवळ आमचं केळी पिकवण्याचं युनिट आहे. चेंबरच्या दाराशेजारी सात इंची टच पॅनल बसवला, त्यावर आता एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा जाऊन झाला. तापमान, आर्द्रता, इथिलीन (फळ पिकवणारा वायू), हवा बाहेर फेकणारा पंखा, सगळं त्यावरूनच चालतं. पडदा रेझिस्टिव्ह आहे, हातमोजा घातलेल्या बोटानेही चालतो. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. मला लिहायचंय ते वायफायच्या एन्क्रिप्शनबद्दल, म्हणजे हवेतून जाणारी माहिती तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करण्याबद्दल. कारण पॅनल घेताना ते कोणी विचारत नाही आणि बसवणारा सेटिंगमधलं सिक्युरिटीचं पान घाईत उरकतो.

पॅनल चेंबरच्या कंट्रोलरशी मॉडबस टीसीपीवर बोलतो. मॉडबस ही यंत्रांची आपसात बोलायची भाषा, टीसीपी म्हणजे ती नेटवर्कवरून. मॉडबस १९७९ सालचा. कारखान्यातल्या बंद तारेसाठी बनलेला असल्यामुळे त्यात ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. म्हणजे आपल्या वायफायमध्ये जो शिरला, तो ५०२ नंबरच्या पोर्टवरून थेट तापमानाचा आकडा बदलू शकतो. केळी साधारण १६ ते १८ अंशांवर पिकवतात. १३ च्या खाली गेली की साल काळवंडते, आणि तसला माल व्यापारी हातात धरत नाही. शेतकऱ्याने वर्षभर सांभाळलेला घड आपल्या भरवशावर चेंबरमध्ये असतो. त्याच्या आणि बाहेरच्या माणसाच्या मध्ये फक्त वायफायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, उभी आहे. म्हणून हे पान मी मन लावून भरलं.

सिक्युरिटीत चार पर्याय दिसतात: ओपन (कुलूपच नाही), आणि वायफायच्या कुलपाच्या जुन्याकडून नव्याकडे तीन पिढ्या, वेप, डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२. खाली माहिती गुप्त करायची पद्धत टीकेआयपी की एईएस, तेही विचारतो. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "शेठ, राउटरवर मिक्स ठेवा, सगळं चालतं." मिक्स म्हणजे जुन्या-नव्या पद्धती एकदम चालू. सगळं चालतं हे खरं, पण वेपची पद्धत फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ मध्येच उघडी पाडली. टीकेआयपी २००३ मध्ये आलं ते जुनी यंत्रं फेकावी लागू नयेत म्हणून, आणि आतलं गुप्त करायचं गणित, आरसी४, वेपचंच. एईएस असलेलं डब्ल्यूपीए२ २००४ पासून आहे. आमच्याकडे वजनकाट्याचा एक जुना डिस्प्ले होता, त्याला टीकेआयपीच्या पुढचं काही कळत नव्हतं. त्याच्या एकट्यासाठी अख्खं नेटवर्क कमजोर करण्यापेक्षा मी त्याला केबल ओढून दिली आणि राउटरवर फक्त डब्ल्यूपीए२-एईएस ठेवलं. तेव्हापासून त्या सेटिंगला हात लावावा लागलेला नाही.

राउटर नवा असेल तर त्यात डब्ल्यूपीए३ येतं, ते २०१८ सालचं. या पॅनलला ते येत नाही. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर पॅनल जोडलाच जाणार नाही. राउटरमध्ये 'पीएमएफ' नावाचा (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांना संरक्षण देणारा) पर्याय 'रिक्वायर्ड'वर असला तरी तोच प्रकार होऊ शकतो. तो 'ऑप्शनल'वर ठेवा. पासवर्ड न टाकता यंत्र जोडायची डब्ल्यूपीएस सोय मात्र राउटरवर बंदच करून टाका. तिचा आठ आकडी पिन अकरा हजार प्रयत्नांच्या आत निघतो, हे २०११ मध्येच जाहीर झालंय.

आता किल्ली. ८ ते ६३ अक्षरांची चालते. पॅनलचा कीबोर्ड बारीक, शिफ्ट प्रत्येक अक्षरानंतर सुटतं, आणि टाइप केलेलं ठिपक्यांत दिसतं, बघायची सोयच नाही. कंपनीने इथे काटकसर केली आहे, मला ती अजिबात पटत नाही. किल्ली भरणं अवघड केलं की माणूस सोपी किल्ली ठेवतो, आणि आपल्याकडे सोपी म्हणजे मोबाइल नंबर. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण बाहेर रस्त्यावर उभं राहूनही टिपता येते आणि घरी बसून किल्ली ताडून बघता येते. तिथे दहा आकडे फार टिकत नाहीत. मी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, सगळे लहान लिपीत, सलग जोडले. शिफ्टची भानगड नाही आणि लांबी भरपूर. खालचं हेक्सचं (० ते ९ आणि ए ते एफ एवढ्यांतच लिहायचं) बटण दाबू नका, मग तो ६४ आकडी किल्ली मागत बसतो.

दुसरी तक्रार संदेशाची. किल्ली चुकली तरी 'ऑथेंटिकेशन फेल', सिग्नल कमी पडला तरी तेच. चेंबरच्या भिंती पफच्या (थंडावा टिकवणाऱ्या फोमच्या), दोन्ही बाजूंनी पत्रा, त्यात पॅनल लोखंडी बोर्डात. बाहेर अँटेना काढल्यावर हा त्रास थांबला. लाइट गेली-आली की पॅनल राउटरच्या आधी जागा होतो, थोडा वेळ शोधतो आणि गप्प बसतो. मग रात्री पोरांचा फोन, "भाऊ, पॅनल काबरं बोलत नाही?" राउटर इन्व्हर्टरवर घेतला, फोन बंद झाले. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या आसपास असतानाही पॅनल अडकला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. बोर्ड सावलीत आहे, हेही सांगायला हवं.

युनिटवर ट्रकवाले येतात, व्यापारी येतात, गाडी भरेपर्यंत बसतात आणि पासवर्ड मागतात. आलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडे जमत नाही, आणि म्हणूही नये. त्यांच्यासाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क आहे, तिथून पॅनल दिसत नाही. त्याचा पासवर्ड भिंतीवर लिहिलाय. चेंबरची किल्ली दोघांनाच माहीत आहे, आणि कामावरचा माणूस सोडून गेला की ती बदलतो.

मोबाइलवर पॅनलचा पडदा बघायची व्हीएनसी नावाची सोय आहे, ती मी बंद ठेवली आहे. तिच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरंच धरली जातात.

घ्यावा का? तीन-चार चेंबरच्या युनिटला घ्या, काम चोख करतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याला सिक्युरिटीचं पान समोर उघडायला लावा, एईएस दिसतंय ना बघा, आणि फर्मवेअर (पॅनलच्या आतलं सॉफ्टवेअर) डब्ल्यूपीए२ मध्ये २०१७ साली सापडलेल्या 'क्रॅक' त्रुटीनंतर दुरुस्त केलेलं आहे का, ते लेखी मागा. सेटिंगच्या पानाचा कंपनीने दिलेला पासवर्ड बसवणारा माणूस आवारात असतानाच बदलून घ्या.