बोलपटाच्या उंबरठ्यावर: कीटन आणि लॉइड

मूकपटांच्या काळातल्या गाजलेल्या विनोदी नटांपैकी बस्टर कीटनने १९२८ मध्ये स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएम या बड्या हॉलिवूड स्टुडिओशी करार केला, तर हॅरॉल्ड लॉइड स्वतःच्याच पैशाने चित्रपट काढत राहिला. बोलपट आल्यावर दोघांची गत निराळी झाली ती मुख्यतः या फरकामुळे.

लॉइडने ‘वेलकम डेंजर’ (१९२९) आधी मूकपट म्हणून चित्रित केला आणि नंतर त्यातील बराच भाग ध्वनीसह पुन्हा घेतला. चित्रपट चालला, पण माझ्या मते त्यातला विनोद रेंगाळतो.

कीटनची अडचण आवाजाची मुळीच नव्हती. लहानपणापासून व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या अमेरिकी खेळांच्या, रंगमंचावर वाढलेल्या या नटाचा घोगरा, खर्जातला स्वर त्याच्या निर्विकार चेहऱ्याला शोभणारा होता. मात्र एमजीएममध्ये शाब्दिक कोट्यांनी भरलेली संहिता आधीच पक्की केलेली असे आणि चित्रीकरण करता करता प्रसंग फुलवण्याची त्याची पद्धत तिथे बसेना. त्यातच परभाषी आवृत्त्यांसाठी त्याला स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन वाक्ये नुसते उच्चार घोकून म्हणावी लागली, शिवाय बडबड्या विनोदी नट जिमी ड्युरँटची जोडी त्याच्या गळ्यात मारली गेली. हे चित्रपट तिकीटबारीवर चालले, हीच खरी पंचाईत, कारण स्टुडिओला बदलाची गरजच वाटेना. पुढे मद्यपानाची भर पडून १९३३ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. लॉइडची लोकप्रियताही ओसरत गेली, पण १९३८ पर्यंत तो नायकाच्या भूमिका करत राहिला.