हिमालयीन लिलीच्या नावाखाली पोचट बी

इंदूरमधल्या आम्ही चार जणांनी मिळून महाकाय हिमालयीन लिलीची, म्हणजे कार्डिओक्रायनम जायगँटियमची, चार पाकिटं ऑनलाइन मागवली. प्रत्येकी वीस बिया, ४५० रुपये. पाकिटावर लिहिलेलं: पंधरा दिवसांत उगवण, पहिल्याच वर्षी फूल, मग दरवर्षी बहर. ऐंशीपैकी एकही बी उगवलं नाही.

तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर बदललं: "हिमालयाचं बी आहे, दीड वर्ष लागतं, धीर धरा." फसवणुकीचं मर्म इथेच आहे, कारण दीड वर्षाची गोष्ट खरी आहे. बी गळतं तेव्हा त्यातला गर्भ अगदी अपुरा असतो. आधी ऊब, मग थंडी मिळाल्यावरच अंकुर येतो. परत करायची मुदत मात्र सात दिवसांची. खोटं उघडं पडेपर्यंत पैसे गेलेले असतात.

म्हणून बी आल्या दिवशीच तपासा. खरं बी चपटं, तपकिरी, भोवती कागदासारखा पातळ पंख असलेलं. ते मोबाइलच्या टॉर्चपुढे धरा. भरलेल्या बीत मधला भाग गडद, भरीव दिसतो. पोचट बी आरपार पारदर्शक. आमच्या पाकिटांत सगळा फोलच होता, आणि तो पहिल्याच दिवशी दिसला असता. काळं, गोल किंवा कोनदार बी आलं, तर ते या लिलीचं नव्हेच.

बी चांगलं निघालं तर ओलसर, पिळल्यावर पाणी न गळणाऱ्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) झिपच्या पिशवीत घाला. तीन-चार महिने २० अंशांच्या आसपास, मग तितकेच महिने फ्रिजमध्ये ४ अंशांवर, फ्रीजरमध्ये नव्हे. बुरशी दिसली की बिया धुऊन कोकोपीट बदला. इंदूरची थंडी या कामाला पुरत नाही. पुढचा प्रश्न त्याहून मोठा: ही १,२०० ते ३,६०० मीटर उंचीवरच्या ओलसर जंगलांतली वनस्पती, आणि आपला मे महिना चाळिशी ओलांडतो. कुंडीत फुलापर्यंत नेणं इथे जवळजवळ अशक्य. फुलायला बियांपासून साधारण सात वर्षं लागतात आणि फुलून बी धरलं की मूळ कंद मरतो, मागे फक्त पिल्लं, म्हणजे बाजूचे छोटे कंद, राहतात. 'दरवर्षी बहर' हे वाक्य वाचलं, तिथेच पाकीट खाली ठेवायला हवं होतं.

पाकीट फोडतानाचा व्हिडिओ घ्या. पैसे परत नाकारले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि टॉर्चपुढे धरलेल्या बियांचा फोटो जपून ठेवा.