सोलापूरच्या नवी पेठेतलं फोटो-फ्रेमचं दुकान : काकांचा कोट काढून दिला

चार स्टार. पाचवा कापला तो उशिरासाठी. गड्ड्याच्या यात्रेआधी देतो म्हणाले आणि फोटो हातात आला तो यात्रा उठल्यावर.

काका पूर्व भागात जेकार्ड मागावर चादरी विणायचे. चादरीवरचा मोर बिघडला की नक्षी ठरवणाऱ्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेतलं चुकलेलं कार्ड नेमकं बोटानं शोधायचे. 1996 साली रात्रपाळी सुटून सायकलवरून घरी येताना त्यांना गोळी घातली. कुणी, कशासाठी, आजतागायत कळलं नाही. शेवटी पोलिसांनी कोर्टात 'अ समरी' दिली. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. काकूला समजावून सांगितलं तर म्हणाली, "खरा हाय हे सांगायला मला कोर्ट लागतंय व्हय?"

फोटो एकच, तपासाला दिलेला. कोपऱ्यात टाचणीची भोकं. आधी दुसऱ्या एका स्टुडिओनं काकांना गोरं करून वर कोट चढवला होता. जन्मात कोट घातला नाही माणसानं! काकूनं ती फ्रेम पालथी करून कपाटावर टाकली.

इथल्या मामांनी भोकं बुजवली, रंग सावळाच ठेवला, सदऱ्याची उसवलेली कॉलरसुद्धा तशीच. मग विचारलं, "ताई, कानावरची बिडी ठेवायची का काढायची?"

ठेवली.

फ्रेम फायबरची आहे, सागवानी समजू नका. दर वाजवी. दुपारी जेवायला बंद असतं, आणि गाडी लांब लावून चालत जा.