आरसी विमानासाठी स्वस्त कॅमेरा घेताय? त्याच रात्री कार्ड तपासा

आरसी, म्हणजे रिमोटवरची छोटी विमानं उडवणाऱ्या आणि पंखावर छोटा कॅमेरा बसवायच्या विचारात असलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. आमच्या गटाची जी फसवणूक झाली, तिची खुबी अशी की माल परत करायची मुदत संपेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. गडबड उघडी पडते तेव्हा विक्रेता हात वर करून मोकळा झालेला असतो.

स्वस्त कॅमेराच का, असं कोणी विचारेल. फोमचं शिकाऊ विमान बॅटरीसकट सहा-सातशे ग्रॅमचं. त्यावर दीडशे ग्रॅमचा नावाजलेला ॲक्शन कॅमेरा चढवला की तोल बिघडतो, वेग वाढवावा लागतो आणि उतरताना विमान आपटतं. शिवाय विमान कधी झाडात अडकेल, कधी विहिरीत जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे पंधरा-वीस ग्रॅमचा, गेला तरी फार जीवाला लागणार नाही असा कॅमेरा आपल्याला हवा असतो. २०१० च्या आसपास गाडीच्या किल्लीसारखे दिसणारे ‘८०८’ कॅमेरे याच कारणाने जगभर लोकप्रिय झाले. ८०८ ही कुठली कंपनी नव्हे. बाहेरून एकसारखे, आतून निरनिराळे असे अनेक कॅमेरे त्या नावाने विकले जायचे. ते ओळखता यावेत म्हणून हौशी मंडळींनीच त्यांना क्रमांक दिले. १६ क्रमांकाचा कॅमेरा खरोखर १२८० बाय ७२० चं चित्रण करायचा. त्याचं नाव झालं, आणि लगेच भलत्याच कॅमेऱ्यांवर १६ चा आकडा लावून ते खपवायला सुरुवात झाली. आज किल्लीच्या जागी चौकोनी ठोकळे आले आहेत, पण धंदा तोच.

आम्ही घेतला तो कॅमेरा पंधराशेच्या आतला. जाहिरातीत ‘फुल एचडी १०८०पी, ३० फ्रेम’ आणि सोबत ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड फुकट. पार्सल वेळेवर आलं, कॅमेरा लगेच चालू झाला. कार्ड संगणकाला लावलं तर ६४ जीबीच्या कार्डाची दिसावी तेवढीच क्षमता दिसली. एका उड्डाणाचं चित्रण साधारण आठशे एमबी. पहिल्या काही उड्डाणांचे व्हिडिओ छान आले, सगळ्यांनी ते मोबाइलवर पाहिले आणि सात दिवसांची परतीची मुदत निघून गेली.

मग आमच्यातल्या अकरावीच्या एका मुलाचं बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान तयार झालं. सगळं काम त्याच्या हातचं, पंखाच्या फासळ्या कापण्यापासून कागद चढवण्यापर्यंत. पहिल्या उड्डाणाला कॅमेरा मुद्दाम पंखावर शेपटीकडे तोंड करून बसवला. विमान छान चढलं, पण दुसऱ्या वळणावर शेपूट थरथरताना खालून दिसली आणि नाक खाली घालून ते सरळ जमिनीत घुसलं. कॅमेरा शाबूत होता. म्हणजे एलिव्हेटरची (विमान वर-खाली वळवणाऱ्या शेपटीतल्या पट्टीची) बिजागरी सुटली, ती हलवणारी काडी, म्हणजे पुशरॉड निसटला की शेपूटच फडफडून तुटली, हे फ्रेमगणिक पाहता येणार होतं.

कार्डावर फाइल होती. नाव होतं, तारीख होती, आकारही बरोबर होता. पण ती उघडेना. त्याआधीच्या काही फाइल अर्ध्यापर्यंत चालून पुढे हिरवे-जांभळे चौकोन दाखवू लागल्या. तो मुलगा पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “दादा, माझं चिकटवायचं चुकलं असेल का?” त्याचं उत्तर द्यायला आता काहीच शिल्लक नव्हतं. पंधराशे रुपयांपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

झालं होतं ते असं. कार्डातली खरी जागा फक्त ८ जीबी होती. त्याच्या कंट्रोलरमधली, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपमधली माहिती बदलून ते ‘मी ६४ जीबीचं आहे’ असं सांगायचं, आणि संगणक व कॅमेरा दोघंही त्यावर विश्वास ठेवायचे. खरी जागा भरली की पुढचा डेटा एकतर हवेत जातो नाहीतर आधीच्या डेटावर लिहिला जातो. फाइलींची यादी मात्र व्यवस्थित दिसत राहते. जो माणूस दर वेळी कार्ड रिकामं करतो त्याला हे बरेच दिवस कळणारही नाही. ज्याला उड्डाणं साठवून ठेवायची आहेत तो हमखास सापडतो.

कार्डानंतर कॅमेऱ्याचीही झडती घेतली. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला लावून चित्रण केलं, तर अक्षरांचा नुसता लगदा. विमानाचं चाक समोर धरलं तर ते गोल न दिसता आडवं लंबगोल दिसलं. चित्र टिपणारा सेन्सर ६४० बाय ४८० चा, म्हणजे ४:३ आकाराचा, आणि तेच चित्र ताणून १६:९ मध्ये बसवलेलं. १०८०पी मध्ये वीस लाखांहून जास्त बिंदू असतात, या सेन्सरकडे होते जेमतेम तीन लाख. म्हणजे दर सात बिंदूंमागे सहा बनावट. फाइलची माहिती उघडलीत तर तिथे १९२० बाय १०८० असंच दिसेल, त्यावर जाऊ नका. फ्रेमचंही तसंच. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये व्हिडिओ थांबवून इंग्रजी ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. आमच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेम दोनदा येत होती, म्हणजे सेकंदाला ३० च्या नावाखाली १५.

एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्या माथी मारू नका. चित्र जेलीसारखं लिबलिबतं किंवा प्रॉपेलरची पाती वाकडी-तुटकी दिसतात, ती लबाडी नाही. हे सेन्सर चित्र एका झटक्यात टिपत नाहीत, ओळीमागून ओळ टिपतात, त्यामुळे कंपनं उमटतात आणि फिरती पाती वाकडी दिसतात. प्रॉपेलर बॅलन्स करा, कॅमेऱ्याखाली मऊ फोमची पट्टी द्या, लिबलिबणं बरंच कमी होतं.

तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं: मुदत संपली आहे, आणि कार्ड फुकट दिलं होतं, त्याची जबाबदारी आमची नाही. बिल काढून पाहिलं तर त्यावर खरंच फक्त ‘कॅमेरा’ एवढंच होतं. ‘फुकट’ हा शब्द औदार्यापोटी आलेला नव्हता, बिलातून कार्ड वगळण्यासाठी आला होता. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट आम्ही खरेदीच्या वेळीच काढून ठेवले होते. ते जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर ज्या संकेतस्थळावरून कॅमेरा घेतला होता, त्याने कॅमेऱ्याचे पैसे परत केले.

म्हणून पार्सल आल्या रात्रीच कार्ड रिकामं करून एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) चालवा. एका जर्मन संगणक मासिकाने दिलेला हा मोफत प्रोग्राम आहे. खिडकी जर्मनमध्ये उघडली तर वरच इंग्रजीचा पर्याय आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो, मग लिहिलेलं सगळं वाचून पडताळतो आणि किती जागा खरी ते सांगतो. ६४ जीबीला काही तास लागतात, तर लावून झोपा. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी याच कामाचा एफ३ (F3) आहे. वर्तमानपत्राचं पान, चाक आणि ‘ई’ची कळ, याला तर दहा मिनिटंही लागत नाहीत.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, खरेदी केली त्या ॲपमधूनच बोला. पैसे परत घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी पिन मागितला किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तसं झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, बिल, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि कार्डाच्या तपासणीचा निकाल, एवढं एका फोल्डरमध्ये जपून ठेवा.