रुतलेल्या ट्रॅक्टरसाठी नायलॉनचा पट्टा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या सुरुवातीपासून जमीन वाफशावर येईपर्यंत, चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढण्यासाठी मी साखळीऐवजी नायलॉनचा ताणला जाणारा पट्टा वापरला. पट्टा ९ मीटर लांब आणि ७५ मिलिमीटर रुंद असून त्याच्या दोन्ही टोकांना शिवलेले फासे आहेत, आणि लेबलवर तुटण्याची क्षमता ८,००० किलो अशी छापलेली आहे. वस्तू चांगली आहे आणि मी ती पुन्हा घेईन. मात्र ज्या गुणासाठी ती घ्यायची, त्याच गुणात तिचा धोकाही आहे.

हा गुण म्हणजे ताणले जाणे. साखळी जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे ओढणाऱ्या ट्रॅक्टरने जरासा हिसका दिला की तो सगळा भार एकाच क्षणी एखाद्या कडीवर किंवा हिचच्या (अवजार जोडायच्या जागेच्या) पिनेवर येतो. नायलॉन ताणताना ऊर्जा साठवते आणि आखडताना ती हळूहळू परत देते, म्हणून ओढ सलग लागते आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरची चाके एका जागी फिरून खड्डा पाडण्याचे प्रमाण बरेच कमी होते. पॉलिएस्टरचा पट्टा दिसायला अगदी असाच असतो, पण तो फारच कमी ताणला जातो. तो माल बांधण्यासाठी किंवा उचलण्यासाठी ठीक, या कामासाठी नव्हे. घेताना धागा कोणता आहे हे लेबलवर पाहूनच घ्यावे.

पट्टा हातात आला की फावडे बाजूला राहते, ही मला त्याची सर्वांत मोठी अडचण वाटते. चाकांच्या उंचीइतके वाहन रुतले तर ते काढायला साधारण त्याच्या वजनाइतका जोर लागतो आणि मडगार्डपर्यंत गेले तर वजनाच्या दुप्पट, असा ढोबळ हिशेब सैन्यातील वाहने बाहेर काढणारे लोक धरतात. दोन टनांचा ट्रॅक्टर मडगार्डपर्यंत बसला असेल तर चार टनांची ओढ हवी, आणि पट्टा ओला झाला की नायलॉनची ताकद १० ते १५ टक्के घटते, हेही त्यात धरायचे. त्यामुळे मागच्या चाकांमागे उताराची चर खणणे, पोटाखाली चिकटलेला चिखल मोकळा करून आत हवा जाऊ देणे आणि ट्रॉली किंवा रोटाव्हेटर आधी सोडवणे, ही कामे केल्याशिवाय मी पट्टा अडकवतच नाही. एवढे केले की बहुतेक वेळा पट्ट्यावर अर्धाही भार येत नाही.

पट्टा कुठे अडकवायचा, यावर मात्र कोणतीही तडजोड नको. ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर तो ड्रॉबारलाच (मागे ट्रॉली जोडायच्या खालच्या दांड्यालाच), म्हणजे मागच्या धुऱ्याच्या खालच्या पातळीवर, लावायचा. टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी किंवा उचललेल्या लिफ्टच्या दांड्यांना लावला तर ओढ धुऱ्याच्या वर लागते, पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे सारे दीड सेकंदाच्या आत घडू शकते, म्हणजे चालकाला क्लच दाबण्याचेही भान राहत नाही. रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने, मागे ओढावा. त्याच्याही ड्रॉबारलाच पट्टा लावावा, चालकाने रिव्हर्सच्या खालच्या गिअरमध्ये चाके सावकाश फिरवावीत आणि डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी कळ) फक्त चाके सरळ असतानाच लावावे. पुढून ओढणे अटळ असेल तर पुढच्या वजनांच्या ब्रॅकेटमधील पिन वापरावी. स्टीअरिंगच्या रॉडला पट्टा गुंडाळणे म्हणजे नवे काम ओढवून घेणे.

मागच्या चाकांना लाकडाचा ओंडका बांधून पुढे चढण्याची युक्ती अनेकांना माहीत असते. ओंडका अडला आणि चाक फिरायचे थांबले की इंजिनाचा जोर चाकाऐवजी ट्रॅक्टरचे पुढचे अंगच वर उचलतो, म्हणून माझ्या मते ती युक्ती सोडून द्यावी.

पट्टा किती सैल ठेवायचा, याबाबत जीप चालवणाऱ्यांची सवय ट्रॅक्टरला लावू नये. ते दोन-तीन मीटर ढील देऊन वेगाने पुढे जातात. मी ढील अगदी थोडी ठेवतो आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडतो. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, आणि पट्ट्याचे टोक सुटले तर ती सगळी ऊर्जा शॅकलसकट (पट्टा अडकवायच्या लोखंडी कडीसकट) उलट दिशेला येते. म्हणून मध्यावर ओले पोते टाकतो आणि पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणालाही उभे राहू देत नाही. शॅकल ज्यावर सुरक्षित भार कोरलेला आहे असेच घ्यावेत, मी ४.७५ टनांचे, १९ मिलिमीटरचे वापरतो.

एवढ्या वापरानंतर पट्ट्याची स्थिती कशी आहे, हे विचाराल तर मधला भाग जवळजवळ नवा आहे, पण एका फाशाच्या आतल्या कडेला धागे फुलले आहेत. कारण उघड आहे: चिखलातील वाळूचे कण विणीत शिरतात आणि ताण आला की धागे आतून कापतात. प्रत्येक वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे आवश्यक आहे, कारण उन्हानेही नायलॉन कमजोर होते, आणि बॅटरीचे आम्ल लागले तर पट्टा बाद समजावा. तो मध्येच आखूड करण्यासाठी गाठ मारू नये. गाठीच्या जागी ताकद साधारण निम्म्यावर येते, शिवाय एकदा भार आला की ती गाठ सुटत नाही. फाशाची शिवण उसवू लागली, तर मी पट्टा त्याच दिवशी कापून टाकणार आहे, म्हणजे दुसरे कोणी उचलून वापरणार नाही.

जवळ दुसरा ट्रॅक्टर नसेल, किंवा असला तरी त्याला उभे राहायला घट्ट जमीन नसेल, तर हा पट्टा निरुपयोगी आहे. अशा ठिकाणी हाताने चालवायची विंच (दोर गुंडाळत ओढणारे यंत्र) आणि बांधायला मोठे झाड हवे, आणि विंचला हा ताणला जाणारा पट्टा जोडू नये. तिथे न ताणणारी तारदोरीच लावावी.